दाबल्या दाबल्या, की दाबून धरल्यावर?

गाडी १९९४ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट. क्रीम कलर, स्टिअरिंगला हँड गिअर, डॅशबोर्डखाली ओढायचा चोक. मूळची काकांची, २०१९ ला माझ्याकडे आली, कारण लायसन्स घरात सगळ्यांकडे आहे पण चोक-क्लच-गिअर एकदम सांभाळायची हौस फक्त मला. रविवारी सकाळी साडेसहाला काढते, परळहून मरीन ड्राइव्ह, मग पेडर रोड, कधी वरळी, नाश्त्याला घरी परत. आरसी रिन्यू, ग्रीन टॅक्स, पीयूसी सगळं वेळेवर असतं त्यामुळे कुणी अडवलंच तर फोटो काढायला अडवतो.

तर गेल्या वर्षी गणपती झाले आणि गाडी बिघडली. म्हणजे बंद नाही पडली, बंद पडली असती तर बरं झालं असतं, काय गेलंय ते कळलं असतं. हिंदमाताच्या सिग्नलला उभी, हिरवा झाला, क्लच सोडत ॲक्सिलरेटर दाबला की गाडी एक क्षण विचारात पडायची. जाऊ का नको. मग खाडकन एक झटका आणि मग निघायची. मागच्या टॅक्सीवाल्याचा हॉर्न त्या एका क्षणात बरोब्बर बसायचा. आणि दुसरं म्हणजे लालबागच्या पुलावर चढताना थर्डमध्ये छान ओढायची, अर्धा चढ झाला की दम संपायचा, हिसके द्यायला लागायची, पाय उचलला की सावरायची, परत दाबला की परत तेच. पुलावर बाजूला घ्यायला जागा नाही, मागून बस येतेय, फुल टेन्शन.

मी या दोन्हीला मिळून एकच नाव दिलं होतं, "गाडी जर्क मारते". पुढचे तीन महिने आणि साधारण नऊ हजार रुपये या एका वाक्यामुळे गेले.

पहिलं गॅरेज घराजवळचं. तिथल्या मिस्त्रींनी माझं ऐकून घेतलं आणि उत्तर नवऱ्याला दिलं. नवरा नुसता सोबत आला होता, त्याला बॉनेट कुठून उघडतं ते पण माहीत नाही. "साहेब, प्लग-पॉइंट गेलेत." ठीक. नवे प्लग, नवा सीबी पॉइंट, कंडेन्सर, डेल्कोची कॅप, रोटर, म्हणजे ठिणगी पाडणारं सगळं सामान, वर ट्यूनिंग. दोन दिवस गाडी बरी वाटली. नवं सामान घातल्यावर दोन दिवस बरं वाटतंच, ते आपल्याला वाटतं, गाडीला नाही. तिसऱ्या दिवशी हिंदमाताला परत तोच विचार आणि तोच झटका.

परत गेले. आता एचटी कॉइल, ते पण ठिणगीचंच. परत दोन दिवस. मग म्हणाले कार्बोरेटरच बदला (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो तो), नवा मिळतो, डुप्लिकेट आहे पण चालतो. तिथे मात्र मी थांबले. एक तर गॅरेजमध्ये उभ्या उभ्या न्यूट्रलला रेस केली तर इंजिन मख्खन चालायचं, त्यांना माझी तक्रार खरी वाटतच नव्हती. दुसरं म्हणजे मी त्यांच्याकडून जुने प्लग मागून आणले होते, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेले. सहज म्हणून बघितले तर चारही प्लगांची टोकं पांढरी, खडूसारखी. बरोबर जळणाऱ्या इंजिनाचा प्लग फिक्कट चहाच्या रंगाचा असतो, पेट्रोल जास्त होत असेल तर काळा काजळीचा, आणि पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. चारही एकसारखे पांढरे म्हणजे सगळ्या सिलिंडरला मिळूनच पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे पुरावा पहिल्याच दिवशी हातात आला होता आणि तो फेकून त्याजागी नवे प्लग लावले गेले होते. मी पण डबा बंद करून दीड महिना कपाटावर ठेवला, त्यामुळे दुसऱ्याला काय बोलणार.

मधल्या काळात सल्ले. ऑफिसात, सोसायटीत, भावाच्या मित्रांत, प्रत्येकाच्या बाबांकडे कधीतरी फियाट होती. सगळ्यांचं निदान एकच, एअर लॉक. म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा जो पंप इंजिनाला असतो, त्यातलं नाहीतर पाइपातलं पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेने उकळतं, त्याची वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही. उपाय पण ठरलेला, पंपावर ओलं फडकं टाका. जुने टॅक्सीवाले मे महिन्यात हेच करायचे आणि ते खरंच लागू पडतं. मी डिकीत एक पंचा आणि पाण्याची बाटली ठेवली. पुलाखाली उतरून फडकं टाकलं, पाच मिनिटं थांबले, गाडी निघाली. वा! दुसऱ्या रविवारी परत तेच, परत फडकं, परत बरी. मला वाटलं मिळालं उत्तर, आता पंपाला उष्णता लागू नये म्हणून पत्रा लावून घेऊ. मग डिसेंबरात एकदा सकाळी पावणेसातला, घरातून निघून दहा मिनिटं पण झाली नव्हती, टेंपरेचरचा काटा जेमतेम हलला होता, आणि पुलावर परत दम गेला. आता या थंडीत पेट्रोल कुठून उकळणार? त्या दिवशी मुद्दाम फडकं न टाकता नुसती पाच मिनिटं थांबले. तरी बरी झाली. म्हणजे हिला बरं करायला फक्त थांबावं लागत होतं, आणि थांबून मी जे काही करत होते त्या सगळ्याला गुण येत होता. अंगारा लावला असता तरी आला असता.

आता आबांबद्दल. आबा आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात, १९७९ पासून २०१२ पर्यंत टॅक्सी चालवली, सगळी वर्षं फियाटच. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि पद्मिनी तर २००० च्या आसपास बनायचीच बंद झाली, शेवटची टॅक्सी म्हणून नोंदली गेली २००३ ला, त्यामुळे शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून गेल्या. त्या दिवशी आबा चौकात जाऊन उभे होते म्हणे, एकही दिसली नाही म्हणून परत आले. मी त्यांना इतके दिवस विचारलं नव्हतं कारण त्यांचे गुडघे गेलेत, उगाच खाली वाकायला लावायचं कशाला. शेवटी त्यांनीच गेटवर अडवलं.

"काय गं, तुझी गाडी सिग्नलवरून निघताना उचकी देते?"

"हो आबा, जर्क मारते."

"जर्क म्हणजे काय ते नीट सांग. दाबल्या दाबल्या अडखळते, की दाबून धरल्यावर?"

मी म्हटलं दोन्ही. ते म्हणाले, "दोन्ही नसतं. दोन रोग आहेत. एकेक करून बघ."

हा प्रश्न मला तीन महिन्यांत कुणी विचारला नव्हता आणि मी पण स्वतःला विचारला नव्हता. आबांनी तिथेच वॉचमनच्या खुर्चीवर बसून समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते. आपण पॅडल एकदम दाबतो तेव्हा कार्बोरेटरमधला बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, एकदम उघडतो, हवा हलकी असते ती लगेच आत घुसते, पेट्रोल जड, ते जेटमधून, म्हणजे पितळी बारीक भोकातून, यायला क्षणभर उशीर लावतं. तेवढा क्षण इंजिनात नुसती हवा. तो खड्डा भरायला कार्बोरेटरच्या अंगाला एक छोटा पंप असतो, ॲक्सिलरेटर पंप, रबरी पडद्याचा, पॅडल दाबलं की तो पेट्रोलची एक पिचकारी आत मारतो. पिचकारी नीट नसेल तर दाबल्या दाबल्या अडखळणार. एकदा निघाली की त्या पंपाचं काम संपलं. आणि दाबून धरल्यावर, चढावर, अर्ध्या मिनिटाने दम जात असेल तर पिचकारीचा काही संबंध नाही. तिथे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल जितक्या वेगाने संपतंय तितक्या वेगाने मागून येत नाहीये. वाटीत साठा असतो म्हणून अर्धा पूल चढते, साठा संपला की हिसके. थांबलं की वाटी हळूहळू भरते, म्हणून फडक्याला गुण. आणि न्यूट्रलमध्ये कितीही रेस केली तरी इंजिनावर ओझंच नाही, पेट्रोल कमीच लागतं, म्हणून गॅरेजमध्ये दिसत नव्हतं.

पहिला रोग त्याच संध्याकाळी सापडला. इंजिन बंद, एअर क्लीनरचा डबा काढला, टॉर्च मारून कार्बोरेटरच्या घशात बघत हाताने थ्रॉटलची काडी ओढली. बारीक नळीतून पेट्रोलची सरळ, तारेसारखी धार यायला पाहिजे आणि ती काडी हलल्याबरोबर यायला पाहिजे. माझ्याकडे काय आलं, तर एक थेंब. तो नळीच्या टोकाला लोंबला, थोडा वेळ राहिला आणि पडला. मी पाच-सहा वेळा ओढून बघितलं, दर वेळी थेंब. नवऱ्याला बोलावून दाखवला तर म्हणाला, "एवढंच?" हो, एवढंच. या थेंबासाठी मी पॉइंट, कंडेन्सर, कॅप, रोटर आणि कॉइल बदलून बसले होते.

कार्बोरेटर दुरुस्तीचं किट आणायला कुर्ल्याला गेले, सीएसटी रोडला. ही गाडी बनली पण कुर्ल्यातच, तिथे कोहिनूर सिटी आहे ना, ती सगळी कारखान्याची जागा, रस्त्याचं नाव अजून प्रीमियर रोडच आहे. पार्टवाल्याने पत्ता दिला एका चाचांचा, पूर्वी फक्त टॅक्सीचे कार्बोरेटर करायचे, आता स्कूटर-रिक्षा काय येईल ते. चाचांनी नवऱ्याकडे बघितलं पण नाही (तो आलाच नव्हता), मला म्हणाले, "बैठो बेटा, खोलते है." त्यांनी वाटी उघडली आणि दोघंही दोन मिनिटं नुसते बघत बसलो. तळाला गढूळ पाण्यासारखा थर, त्याखाली पांढरट भुकटी, जेटांवर गुळाच्या पाकासारखं तपकिरी चिकट.

हे कसं होतं, तर पेट्रोल पडून राहिलं की त्याचा चिकटा होतो, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. २०२३ पासून वीस टक्केवालं यायला लागलं, आता पंपावर तेच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय काय असतं? मी जुलै-ऑगस्ट गाडी अर्ध्या टाकीवर झाकून ठेवलेली. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. वर टाकीतला जुना चिकटा इथेनॉलने सुटून पुढे येतो, तो वेगळाच. माझी चूक अशी की दोन महिने ठेवायची होती तर टाकी गच्च भरून ठेवायला हवी होती, रिकामी जागा कमी म्हणजे दमट हवा कमी. आणि पंधरा दिवसांनी एकदा तरी काढायला हवी होती.

चाचांनी जेट साफ करताना मी उत्साहाने पर्समधली सेफ्टी पिन काढून दिली तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिन परत लावली. तार, पिन, सुई काहीही जेटमध्ये घालायचं नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट कचऱ्यात. स्प्रे, हवा, आणि अगदीच अडलं तर टूथब्रशचा एक केस. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा बोटात धरून वाकवला तर पापडासारखा तडकला. नवा घातला, वाटीत पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह नवा, त्याला उघडझाप करणाऱ्या फ्लोटची लेव्हल बघितली, खालचं गॅस्केट बदललं. घरी येताना सायनच्या सिग्नलला मुद्दाम पॅडल जोरात दाबलं. गाडी गेली सुर्रकन. मी एकटीच गाडीत हसले.

आणि पुढे लालबागच्या पुलावर चढावर दम गेला. आबांनी सांगितलं होतं दोन रोग आहेत, तरी मला आत कुठेतरी वाटत होतं की एकातच भागेल.

दुसरा शोधायला आठवडा लागला. संशयित बरेच. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल येत नाही, त्याची ओळख म्हणजे बंद पडल्यावर झाकण उघडलं की सूंऽ आवाज येतो. उघडलं, काही आवाज नाही. फिल्टर नवाच होता. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असेल? आबा म्हणाले पंप बदलायच्या आधी सलाइन लावून बघ. म्हणजे मागच्या टाकीची लाइन पंपापासून सोडायची, पंपाला एक तुकडा नवा होज जोडून तो बॉनेटमध्येच एका छोट्या कॅनमध्ये सोडायचा आणि गाडी त्या कॅनवर चालवायची. तरीही दम गेला तर दोष पंप-कार्बोरेटरकडे, नाही गेला तर टाकी ते पंप या मधल्या भागात. हे मी घरी केलं नाही, चाचांकडे केलं. गरम मॅनिफोल्डच्या शेजारी उघडं पेट्रोल हा प्रकार यूट्यूब बघून करायचा नाही, आणि पेट्रोलचा डबा गाडीच्या आत मांडीवर घेऊन तर अजिबात नाही. चाचांनी झाकणवाला कॅन लांब बाजूला तारेने घट्ट बांधला, एक्स्टिंग्विशर माझ्या सीटखाली दिला आणि स्वतः शेजारी बसले. जवळचा एक फ्लायओव्हर थर्डमध्ये पॅडल दाबून धरून दोनदा चढलो. एक हिसका नाही. पंप निर्दोष.

म्हणजे टाकी ते पंप. चाचांच्या पोऱ्याने पंपाकडची लाइन सोडली आणि सायकलच्या पंपाने उलटी हवा मारली. मी मागे टाकीच्या तोंडाला कान लावून. आत बुडबुड बुडबुड मस्त आवाज. लाइन मोकळी! आता काय करणार? कार्बोरेटर ठीक, पंप ठीक, फिल्टर ठीक, झाकण ठीक, लाइन मोकळी, आणि गाडी चढत नाही. चाचांनी चहा मागवला.

चहा पिता पिता ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, हवा तो हम धकेल रहे है, पंप तो खींचता है. मग त्यांनी पोऱ्याला उलट करायला सांगितलं, इंजिनाकडून हातपंपाने ओढायला. पहिले दोन-तीन दांडे पेट्रोल आलं, चौथ्याला दांडा जड झाला, पाचव्याला हलेना. पाच मिनिटं थांबून परत ओढलं, परत दोन-तीन दांडे ठीक, मग जाम. लालबागचा पूल हुबेहूब.

गाडीखाली, टाकीतून पेट्रोल बाहेर निघतं तिथे लोखंडी पाइप आणि टाकी यांना जोडणारा वीतभर रबरी होज असतो. तो बाहेरून नवा कोरा, काळा चकचकीत. नवाच होता, दोन वर्षांपूर्वी मीच बदलून घेतलेला, जुना चिरला होता म्हणून. नवा आहे म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं, मी तर नाहीच. चाचांनी काढून ब्लेडने उभा चिरला. आतली कातडी सुटली होती, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी, एका बाजूने चिकटलेली आणि दुसरीकडून मोकळी फडफडणारी. फुंकलं की ती साल भिंतीला चिकटते, रस्ता मोकळा. ओढलं की आत वळते आणि तोंड बंद करते. हळू ओढलं तर थोडं येऊ देते, म्हणून गाडी आयडलला आणि सपाट रस्त्यावर खुशाल चालायची. थांबलं की साल आपोआप जागेवर जाते. बोट घातलं तर रबर बोटाला काळं लागत होतं, मऊ, फुगलेलं. साध्या रबराला इथेनॉल सोसत नाही. बाहेर एक थेंब गळती नव्हती, कारण पंपाच्या मागच्या बाजूला दाब नसतो, ओढ असते, तिथे होज खराब झाला तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते किंवा असं तोंड मिटतं. खाली डाग शोधत बसलात तर मिळणार नाही.

नवा होज घेताना यावेळी अंगावर छापलेलं वाचून घेतलं, एसएई जे३० आर९. हा मुळात इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या नव्या गाड्यांचा, आतला थर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा असतो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, फियाटला एवढा महाग कशाला, हा घ्या ना", आणि अगदी तसाच काळा चकचकीत काढून दाखवला. मी पर्समधून तो चिरलेला तुकडा काढून काउंटरवर ठेवला. दीड मीटर आर९ घेतला, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जिथे जिथे रबर होतं ते सगळं बदललं, क्लिपा पण नव्या. टाकी रिकामी करून धुवून घेतली, अर्धा लिटरभर तरी गढूळ निघालं.

पुढच्या रविवारी आबांना धरून पुढच्या सीटवर बसवलं. लालबागचा पूल, मग केम्प्स कॉर्नरहून पेडर रोडचा चढ, थर्डमध्ये, पॅडल दाबून. आबा काही बोलले नाहीत, डोळे मिटून इंजिन ऐकत होते, नवऱ्याला मागे वाटलं झोपले. चढ संपल्यावर म्हणाले, "पिकअप अजून कोरडं आहे."

आणि ते खरं आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तितक्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, आणि इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर ते आपोआप करतो, माझ्या गाडीत जेटचं भोक आहे तेवढंच आहे. सकाळी चोक पण पूर्वीपेक्षा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. आबा म्हणतात मेन जेट एक नंबर मोठा टाक. चाचा म्हणतात अजिबात नको, ॲव्हरेज जाईल, पीयूसीला धूर दिसेल, आधी आयडलचा स्क्रू बघू. मी दोघांचा एकमेकांशी फोन लावून दिला, वीस मिनिटं बोलले, त्यातली पंधरा ताडदेवच्या कुठल्यातरी जुन्या टॅक्सीस्टँडबद्दल. शेवटी ठरलं असं की आहे त्याच जेटवर पाचशे किलोमीटर चालवायची आणि मग प्लग काढून रंग बघायचा. तीनशे दहा झालेत. पांढरे जुने प्लग अजून श्रीखंडाच्या डब्यात आहेत, शेजारी ठेवून बघायला.